शेजारचा ब्रेक

माझ्या मुलाच्या गाडीत, शेजारच्या सीटपुढच्या रबरी मॅटला एक भोक आहे. ते माझ्या टाचेने पडलंय. तो गाडी चालवतो, मी शेजारी बसते आणि समोर काहीही आलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. तिथे ब्रेक नाही हे मला माहीत आहे. पायाला कोण सांगणार?

जन्मभर मी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी. दोन्ही पेडलं आतून एका लोखंडी दांडीने जोडलेली असतात, एक दाबलं की दुसरंही खाली जातं. माझी ब्रेक लावायची एक रीत होती. आधी एक हलका टेकू, म्हणजे ‘समोर बघा’. मग दुसरा, म्हणजे ‘बघताय ना?’ आणि मग एक लांब, मऊ दाब, शेवटाला किंचित सैल सोडलेला, म्हणजे ‘राहू द्या, मी बघते’. ती शेवटची ढील महत्त्वाची. तिच्यामुळे गाडी थांबताना हिसका बसत नाही आणि शिकणाऱ्याची लाज राहते. माझ्या माघारी विद्यार्थी मला ब्रेकबाई म्हणायचे. मला ते आवडायचं.

वय झालं तशी शिकवणी बंद केली, टपावरचा बोर्ड उतरवला, पण गाडी ठेवली, दोन्ही ब्रेकांसकट. निळी, आता जरा विटलेली, सुरू होताना कुरकुरणारी, पण कधी दगा न दिलेली. सत्तरी उलटली, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आणि आमच्या चिरंजीवांना माझी काळजी वाटायला लागली. काळजी वाटणारी माणसं फार लवकर गिऱ्हाईक शोधतात. एका सकाळी खाली उतरले तर गाडी धुऊन पुसून लख्ख, आत नव्या कोऱ्या मॅटा घातलेल्या.

“कुणाच्या लग्नाला चाललीय ही?” मी विचारलं.

“आई, एक माणूस गाडी बघायला येणार आहे. आता पुरे ना. कुठे जायचं तर मी आहे, सून आहे तुझी.”

“मला विचारलंस?”

“तू हो म्हणाली असतीस?”

“नाही.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

मी घरात गेले नाही. तिथेच, गाडीला पाठ लावून उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. शेवटी त्याने हात जोडले. दर पानगळीला मी आणि माझ्या नणंदबाई डोंगरापलीकडच्या तळ्यावर पक्षी बघायला जातो, गाडीनेच. तो म्हणाला, “ठीक आहे. जाऊन ये तळ्यावर. आत्यालाही ने. अंधाराच्या आत परत ये. गाडीला एक जरी ओरखडा दिसला तर उद्या तो माणूस गाडी घेऊन जाईल. नाही दिसला तर मी पुन्हा विषय काढणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

माझ्या वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. दुर्बीण त्यांच्या गळ्यात असते, जेवतानासुद्धा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय दुमडत नाही म्हणून त्या मागच्या सीटवर आडव्या पाय पसरून बसतात, राणीसारख्या, आणि तिथून हुकूम सोडतात. त्यामुळे माझ्या शेजारची सीट रिकामी होती. हे आधीच सांगून ठेवते.

शहर मागे पडलं आणि खरंच सांगते, डोळ्यांच्या डॉक्टरला मनातल्या मनात दुवा दिला. गेल्या वर्षी हे सगळं मला चहा सांडलेल्या कागदासारखं दिसत होतं. आता एकेक पान वेगळं दिसत होतं. रस्त्याच्या कडेची झाडं पिवळी, त्यांच्या मागची तांबडी, आणि त्याही मागे डोंगर, धुरकट जांभळा. कापणी झालेल्या शेतांत बगळे सांडलेल्या कापसासारखे बसले होते. हवेला ओल्या लाकडाचा वास होता. मी काच खाली केली.

“ससाणा,” वन्सं म्हणाल्या. “विजेच्या खांबावर. हळू कर गं वहिनी.”

“मागे गाड्या आहेत.”

“असू देत. त्यांनापण बघू दे.”

वळणावळणाचा रस्ता सुरू झाला तशा मागच्या गाड्याही गेल्या. आम्ही दोघीच उरलो. उजवीकडे उतारावर गवत कमरेएवढं वाढलेलं, वाळून सोनेरी झालेलं. वन्सं मला रानबदकांच्या प्रेमप्रकरणाबद्दल काही तरी फाजील सांगत होत्या आणि मी हसत होते.

तेवढ्यात गाडीने एक टेकू घेतला. मग दुसरा.

माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. ब्रेकवर नव्हता. आणि त्याच्या शेजारी ब्रेकचं पेडल माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली गेलं. गाडी मऊ थांबली.

“काय झालं?” वन्सं म्हणाल्या.

मी उत्तर द्यायच्या आत गवतातून हरणी आल्या. एक, तिच्या मागे पाडस, त्यांच्या मागे अजून एक. बॉनेटच्या इतक्या जवळून गेल्या की त्यांच्या ओल्या पाठींची वाफ मला दिसली. पाडस मध्येच थांबलं, गाडीकडे बघितलं आणि उडी मारून पलीकडे गेलं. पेडल वर आलं.

“काय डोळा आहे गं तुझा!” वन्सं टाळी वाजवून म्हणाल्या. “मला दुर्बिणीतून दिसल्या नाहीत त्या!”

कौतुक फुकटचं असलं तरी परत करायची माझी पद्धत नाही. दांडी अडकली असेल, म्हटलं. मॅटा नव्या आहेत, एखादीची कड पेडलाखाली गेली असेल. वाकून बघितलं. मॅट जागच्या जागी होती.

दुसऱ्यांदा पुढच्या खिंडीत झालं. टेकू, टेकू, मग लांब दाब. थांबलो, आणि समोरच्या वळणावर, आम्ही जिथे असतो तिथे, कड्यावरून एक धोंडा घरंगळत आला, रस्ता ओलांडून खाली दरीत गेला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

या वेळी वन्सं टाळी वाजवायला गेल्या नाहीत. त्या पुढे वाकून माझ्या पायाकडे बघत होत्या.

“वहिनी, तुझा पाय ब्रेकवर नव्हता.”

“नव्हता.”

“मग?”

“गाडी जुनी आहे.”

“जुन्या गाडीला धोंडा कळतो?”

खिंडीपलीकडे सपाटी आहे. दर वर्षी तिथे थांबून आम्ही थर्मासमधला चहा पितो. वन्सं उतरल्या नाहीत, मी गाडीला टेकून उभी राहिले. ऊन छान पडलं होतं. चहा गरम होता. मला घाबरायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा भीतीपेक्षा राग जास्त होता. आजच्याच दिवशी या गाडीला नखरे सुचावेत!

गवत हललं. कोल्हा बाहेर आला. तांबूस, शेपटी झुबकेदार, थंडीसाठी अंगावर भरपूर केस चढवलेला. इतक्या जवळ कोल्हा मी जन्मात पाहिला नव्हता. तो माझ्या समोरून गेला, माझ्याकडे ढुंकूनही न बघता, आणि शेजारच्या सीटच्या दारापाशी जाऊन बसला. मान वर करून काचेकडे बघत राहिला. ओळखीचं कुणी खाली उतरायची वाट बघावी तसा.

“हलू नकोस,” वन्सं मागून पुटपुटल्या. त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. “मला वाटलं तो आपल्याला बघतोय. नाही. कान बघ त्याचे. दोन्ही कान त्या सीटकडे आहेत. मघाशी ते पाडसही तसंच बघत होतं. तुझ्याकडे नाही, तुझ्या शेजारी.”

“जनावराला काय कळतंय.”

“जनावराचे कान खोटं बोलत नाहीत, वहिनी. आयुष्यभर मी तेच शिकवलं.”

मी उरलेला चहा गवतात फेकला. कोल्हा दचकला नाही. मी आत बसून दार धाडकन लावलं तेव्हा कुठे तो उठला आणि नाखुशीने गवतात गेला.

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मग वन्सं हळूच म्हणाल्या, “माझा भाऊ असेल का गं?”

“तुमच्या भावाला ब्रेक कुठला नि क्लच कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारी बसले की घोरायचे.”

“तेही खरं.” त्या जरा हसल्या. मीही हसले. पण हसता हसता मला कळलं होतं. मघाशी धोंड्याच्या वेळी, गाडी थांबायच्या शेवटच्या क्षणी, पेडल किंचित सैल झालं होतं. ती ढील. हजारो वेळा मी ती दिलेली आहे. माणूस आपली सही ओळखतो तसा मी तो पाय ओळखला.

तो माझा पाय होता.

मी हे वन्संना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? मी इथे, स्टिअरिंगमागे, माझे दोन्ही पाय माझ्यापाशी.

तळं जवळ आलं की मुख्य रस्ता सोडून एका फाट्याला वळावं लागतं. तिथून उताराचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी उंच झाडांनी झाकलेला. खाली उतरलं की तळं. आमचं सगळ्या वर्षाचं वाट बघणं या रस्त्याच्या टोकाला असतं. झाडं तेव्हा पानं गाळत असतात, वरून पिवळा पाऊस पडत असतो, आणि ऊन खाली पोचत नसल्यामुळे रस्त्यावर ओल्या पानांचा जाड थर साचलेला असतो.

फाट्याच्या तोंडाशी गाडी थांबली. टेकू नाही, काही नाही. एकदम, जमिनीपर्यंत दाब.

आम्ही वाट बघितली. हरीण आलं नाही. धोंडा आला नाही. पानं पडत होती, तेवढंच.

मी पायाचा चवडा पेडलाखाली घालून ते उचलायचा प्रयत्न केला. हललं नाही. इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पेडल तसंच. मग सहज म्हणून रिव्हर्स टाकला, आणि पेडल लगेच वर आलं, अगदी शहाण्यासारखं. पुन्हा पहिला गिअर टाकला. खाली.

“परत जायला सांगतंय,” वन्सं म्हणाल्या.

“दिसतंय मला.”

“मग जाऊ या ना. दोनदा वाचवलंय त्याने आपल्याला. ओरखडा नाही, अंधार नाही, तू शर्त जिंकलीस. पोरगा काय तळ्याचं पाणी बाटलीत भरून आण म्हणालाय?”

“वन्सं, इथून मागे फिरले तर किल्ली मीच त्याच्या हातात ठेवीन. तो मागणारसुद्धा नाही, मी ठेवीन. उद्या कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही मला वाटेल, पेडल खाली गेलं तर? मग गाडी कशाला आणि मी तरी कशाला?”

“जिवापेक्षा मोठं आहे का हे?”

“आज आहे.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग दुर्बिणीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून तुला सांगून कुणाचं काय चाललंय! काय करायचं ते कर.”

मी उतरले, डिकीतून पाना काढला आणि पलीकडून जाऊन शेजारचं दार उघडलं. सीट रिकामी होती. मी गुडघे टेकले, डोकं आत घातलं. शेजारचं पेडल जमिनीला चिकटलेलं होतं. मी जिथे डोकं घातलं होतं तिथे, कुणी बसलेलं असतं तर त्याच्या नडग्या असत्या, हे मला एकदम जाणवलं. नव्या मॅटच्या रबराचा वास यायला हवा होता. ओल्या पानांचा येत होता. मॅटवर हात टेकवला तर एका जागी, टाच टेकते तेवढ्याच जागी, ती कोमट होती.

“सरका,” मी म्हणाले. “माझी गाडी आहे.”

दांडीची पिन गंजलेली होती. एक नख तुटलं, दोन शिव्या गेल्या. शेवटी पिन निघाली आणि दांडी सुटली. पेडल माझ्या हातात आलं. मी ते डिकीत टाकलं, वर जुनं फडकं टाकलं. मग माझा ब्रेक दाबून बघितला, एकदा नाही, चारचारदा. चोख होता. आता तो माझ्या एकटीचा होता.

पहिला गिअर. गाडी उताराला लागली.

ओल्या पानांवर ब्रेक लावायचा नसतो. हे मी हरेक विद्यार्थ्याला घोकून घेतलेलं आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, हात हलके, पाय हलके, आणि भीती वाटली तरी ब्रेकला हात लावायचा नाही, म्हणजे पाय. ब्रेक लावलात की चाकं थांबतात, गाडी थांबत नाही.

झाडांखाली एकदम थंड झालं. पानांमुळे चाकांचा आवाज येईनासा झाला. वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“दोन्ही बाजूंना बघ.”

झाडांच्या बुंध्यांमध्ये हरणं उभी होती. मघाची तीन नव्हेत, कळप होता. एकही चरत नव्हतं. आम्ही पुढे जात होतो तशा त्यांच्या माना वळत होत्या.

“कुठे बघतायत?” मी विचारलं. माझी नजर रस्त्यावर होती.

“तुझ्या शेजारी.”

टक.

शेजारच्या सीटसमोर, मॅटवर. बुटाची टाच टेकावी तसा आवाज.

टक.

“वहिनी...”

“ऐकलं मी.”

मग लांब, घासत जाणारा दाब. पेडल नव्हतं. रबरावर पाय घासला जात होता. अगदी जिवाच्या आकांताने.

उताराच्या मध्यावर एक वळण आहे. वळणावर एक जुनं, जाड झाड. त्या झाडामागून एक हरणी निघाली आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

आणि माझा पाय उठला. माझा, खरा. ॲक्सिलरेटरवरून उठून ब्रेककडे निघाला. मी त्याला सांगितलं नव्हतं. या पायाला कुणीच काही सांगू शकलेलं नाही.

“पाय काढा ब्रेकवरून,” मी मोठ्याने म्हणाले.

हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्यांना म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हटलं. कदाचित आम्हा दोघींना.

पाय हवेत थांबला.

गाडीचं मागचं अंग किंचित सरकलं. मी हात सैल ठेवले. झाड खिडकीत आलं, मोठं झालं, सालीवरच्या मुंग्या दिसल्या.

हरणी बाजूला झाली.

झाड मागे गेलं.

मॅटवरचा आवाज थांबला होता. थोडं पुढे गेल्यावर वन्संनी श्वास सोडला. “आता एकही बघत नाहीये,” त्या म्हणाल्या. “चरायला लागली सगळी.”

तळं तसंच होतं, म्हणजे दर वर्षी असतं त्याहून सुंदर. लव्हाळी तांबडी झालेली, पाण्यावर ऊन तुकड्यातुकड्यांनी पडलेलं. दूरच्या काठावर क्रौंच उतरले होते, करड्या रंगाचे, उंच, एकमेकांना काही तरी सांगत. वन्संना मी धरून काठापर्यंत नेलं. त्या दुर्बीण लावून बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वारा आहे, म्हणाल्या. वारा नव्हता. मी शेजारी बसले, पाय लांब केले, बूट काढले. माझा पाय मला छान दिसला. म्हातारा, निळ्या शिरांचा, टाचेला भेगा पडलेला, पण माझं ऐकलेला. मी मोठ्याने हसले. क्रौंचांनी माना वर करून बघितलं, माझ्याकडेच, आणि मला फार बरं वाटलं.

परत निघालो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. जाताना तो रस्ता चढाचा. पानांवरून गाडी शहाण्यासारखी चढत होती.

वळणावर मी गाडी थांबवली. थांबवावी लागली.

जाड झाडाभोवती हरणं गोळा झाली होती. त्यांच्या पायांपर्यंत दोन पट्टे येत होते. पानांचा थर खरवडून रस्ता उघडा पडला होता, दोन सरळ पट्ट्यांत, गाडीच्या चाकांच्या अंतरावर. वरून, आम्ही आलो त्या बाजूने येऊन ते वळणावर वाकडे झाले होते आणि झाडापाशी संपले होते. ब्रेक लावलेल्या गाडीचे पट्टे मी डोळे मिटून ओळखते.

“मागून कुणी आलं का आपल्या?” वन्संनी विचारलं.

“कुणी आलं नाही.”

मी हातब्रेक ओढून उतरले. हरणं हलली नाहीत. झाडाची साल माझ्या कमरेच्या उंचीवर सोलली गेली होती, आतलं लाकूड ओलं, पांढरं. सालीच्या कडेला रंगाचे कपचे अडकले होते. एक नखाने काढला. निळा होता. विटका निळा.

मी गाडीभोवती फिरले. पुढे, मागे, दोन्ही अंगांनी हात फिरवला. एक ओरखडा नव्हता.

हरणं झाडाच्या बुंध्याकडे बघत होती. तिथे पानांखेरीज काही नव्हतं. कान पुढे, सगळ्यांचे एकाच जागी. मी आत येऊन बसले आणि किल्लीला हात घातला, तेव्हा त्यांच्या माना हळूहळू वर झाल्या. मग वळू लागल्या. बुंध्यापासून रस्त्याकडे. रस्त्यावरून गाडीकडे. चालणाऱ्या माणसाबरोबर नजर जावी तशा.

शेजारच्या दारापाशी येऊन त्या थांबल्या.

गाडी त्या बाजूला किंचित खाली बसली.

वन्संनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. मी किल्ली फिरवली. मग गिअर टाकला. तिथे त्या झाडाखाली कुणाला सोडून येणं मला जमलं नसतं, मग ती कुणीही असो.

चिरंजीव फाटकात उभे होते. अंधार पडायचा होता तरी हातात टॉर्च. त्याने गाडी खालून, वरून, बंपरच्या आतून तपासली. मी फाटकाला टेकून उभी राहिले, मजा बघत. शेवटी त्याने टॉर्च बंद केला.

“नाही ओरखडा,” तो म्हणाला. मग हसला, लहानपणी हरल्यावर हसायचा तसा. “जिंकलीस. त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगतो.”

“आत्ता सांग. माझ्यासमोर.”

त्याने फोन लावला, सांगितलं. आत्याचा थर्मास घ्यायला म्हणून शेजारचं दार उघडलं आणि वाकलेलाच राहिला.

“आई, ही मॅट मी सकाळीच नवी टाकली ना? हे कसलं भोक?”

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातातून थर्मास घेतला.

“हलका माल आणतोस तू,” मी म्हणाले. “आत चला, भूक लागलीय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं होतं. चालत जाण्याइतकंच अंतर, पण मी गाडी काढली. मुद्दाम. वरच्या खिडकीतून सून बघत होती, तिला हात केला. बसले, आरसा नीट केला, माझा पट्टा लावला.

शेजारचा पट्टा हळूच ओढला गेला, आणि कट् करून लागला.

मी किल्ली फिरवली. गाडी जरा कुरकुरली आणि सुरू झाली.

“पट्टा लावलात, चांगलं केलंत,” मी म्हणाले. “आता पाय सरळ ठेवा आणि हात मांडीवर. गाडी मी चालवतेय.”